राजदूतपदाची वाट: पहिल्या नेमणुकीपासून निरोपाच्या भेटीपर्यंत

राजदूत हा एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला प्रतिनिधी असतो. परराष्ट्र सेवेत नव्याने येणाऱ्याने ही साधी व्याख्या नीट समजून घेतली, तर पुढचे बरेच नियम आपोआप उलगडतात. राजदूताच्या शब्दामागे त्याच्या देशाचा शब्द असतो, आणि तो जे ऐकून कळवतो त्यावर त्याचा देश निर्णय घेत असतो. म्हणून दोन राजधान्यांमध्ये एकाच वेळी विश्वास टिकवून ठेवणे हे या कामाचे मर्म आहे. या लेखात राजदूतपदापर्यंतच्या आणि त्या पदावरच्या पायऱ्या क्रमाने मांडल्या आहेत. देशोदेशींच्या सेवांचे नियम वेगळे असले, तरी कामाची मूळ चौकट बहुतेक सर्वत्र एकच आहे, कारण ती १८ एप्रिल १९६१ रोजी स्वीकारलेल्या आणि १९६४ मध्ये अमलात आलेल्या राजनैतिक संबंधांविषयीच्या व्हिएन्ना करारावर उभी आहे. या कराराची ५३ कलमे सेवेच्या पहिल्याच आठवड्यात वाचून काढावीत. ती एका बैठकीत वाचून होतात आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात.

सुरुवातीची वर्षे

व्यावसायिक सेवेतील अधिकारी साधारणपणे तृतीय सचिव म्हणून सुरुवात करतो आणि द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक अशा पायऱ्या चढत जातो. राजदूतपद येईपर्यंत बहुधा दोन दशकांहून अधिक काळ लोटलेला असतो. काही देशांत सेवेबाहेरील व्यक्तींनाही थेट राजदूत नेमले जाते. अमेरिकेत अशा राजकीय नेमणुकांचे प्रमाण दीर्घकाळ साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहिले आहे, आणि तेथे दोन्ही प्रकारच्या उमेदवारांना सिनेटची मंजुरी घ्यावी लागते.

या वर्षांत दोन गोष्टींना प्राधान्य द्यावे. पहिली म्हणजे व्हिसा आणि वाणिज्यदूत विभागातील काम. अनेक नवे अधिकारी ते कमी प्रतीचे समजतात आणि राजकीय विभागाकडे डोळे लावून बसतात. ही चूक आहे. पारपत्र हरवलेला प्रवासी, तुरुंगात अडकलेला नागरिक, मृतदेह मायदेशी नेण्यासाठी धडपडणारे कुटुंब यांच्याशी बोलताना यजमान देशाचे पोलीस, रुग्णालये आणि न्यायालये प्रत्यक्षात कशी चालतात हे जितके कळते, तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही. १९६३ च्या वाणिज्यदूत संबंधांविषयीच्या व्हिएन्ना करारातील ३६ वे कलम येथे पाठ असावे. अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या वाणिज्यदूताशी संपर्क साधण्याचा हक्क असतो आणि तो हक्क त्याला विनाविलंब सांगणे यजमान देशावर बंधनकारक असते, हे ठामपणे सांगता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. एक अवघड भाषा निवडावी आणि तिला अनेक वर्षे द्यावीत. जॉर्ज केनन या अमेरिकी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस रशियन भाषेचे आणि प्रदेशाचे शिक्षण सुरू केले, तेव्हा त्याच्या देशाचे सोव्हिएत संघाशी राजनैतिक संबंधही नव्हते. ते १९३३ मध्ये प्रस्थापित झाले आणि केनन पहिल्याच तुकडीबरोबर मॉस्कोला गेला. त्या शिक्षणाचे फळ दिसायला आणखी तेरा वर्षे जावी लागली. ती हकिगत पुढे येईलच.

नाव सुचवले गेल्यावर

तुमचे नाव राजदूतपदासाठी पक्के झाले, तरी लगेच कोणालाही सांगू नये. १९६१ च्या कराराच्या चौथ्या कलमाप्रमाणे यजमान देशाची पूर्वसंमती घ्यावी लागते. तिला राजनैतिक व्यवहारात ‘अग्रेमां’ म्हणतात. पाठवणारा देश नाव आणि परिचय गुप्तपणे कळवतो, आणि यजमान देश होकार देतो किंवा देत नाही. नकाराचे कारण सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसते. प्रत्यक्षात उघड नकार क्वचितच येतो. उत्तर न येणे हेच उत्तर असते. २०१५ मध्ये इस्रायलने दानी दायान यांचे नाव ब्राझीलसाठी जाहीर केले. ते वेस्ट बँकमधील इस्रायली वसाहतींत राहणाऱ्यांच्या संघटनेचे माजी प्रमुख होते. ब्राझीलने महिनोन्महिने मौन पाळले आणि अखेर २०१६ मध्ये इस्रायलने त्यांना न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत म्हणून नेमले. नाव संमतीआधी जाहीर झाले की दोन्ही सरकारांना सन्मानाने माघार घेण्याची वाट उरत नाही. म्हणून मित्रांच्या अभिनंदनालाही या काळात विनम्र मौनानेच उत्तर द्यावे.

संमती आल्यावर निघेपर्यंतचे काही आठवडे हाती असतात. ते निरोपसमारंभांत घालवू नयेत. मागील दोन राजदूतांचे समारोपाचे अहवाल वाचावेत. व्यापार, संरक्षण, शेती, शिक्षण अशा ज्या ज्या खात्यांचा त्या देशाशी संबंध आहे, त्यांच्या अधिकाऱ्यांना भेटून एकच प्रश्न विचारावा, की तीन वर्षांनंतर या देशाशी आपल्या संबंधांत नेमके काय बदललेले तुम्हाला हवे आहे. उत्तरे परस्परविरोधी निघाली, तर ती परराष्ट्र खात्यासमोर ठेवून लेखी सूचना मागून घ्याव्यात. लेखी सूचना नसलेला राजदूत पुढे प्रत्येक वादात एकटा पडतो.

कुटुंबाचा विचारही याच काळात मोकळेपणाने व्हायला हवा. जोडीदाराला यजमान देशात नोकरी करता येईल की नाही, हे बहुधा दोन देशांमधील वेगळ्या करारावर अवलंबून असते, आणि तो करार नसेल तर एका माणसाची कारकीर्द दर तीन-चार वर्षांनी मोडत राहते. मुलांच्या शाळेचे माध्यम, दहावी-बारावीच्या आसपासची बदली, मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांची देखभाल हे प्रश्न मागाहून सुटतील असे समजू नये. या सेवेत अनेक चांगली माणसे कामाने थकत नाहीत, या प्रश्नांनी थकतात. सेवेने आणि वरिष्ठांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आगमन आणि अधिकारपत्रे

विमानतळावर राजशिष्टाचार विभागाचा अधिकारी स्वागताला येतो. पुढील काही दिवसांत नवा राजदूत अधिकारपत्राची प्रत परराष्ट्र मंत्रालयाला देतो, आणि त्यानंतर ठरलेल्या दिवशी मूळ अधिकारपत्र राष्ट्रप्रमुखांना सादर करतो. त्याबरोबर आधीच्या राजदूताचे परतबोलावणीचे पत्रही दिले जाते. काही देशांत प्रत दिल्यापासून, तर काही देशांत मूळ पत्र सादर केल्यापासून राजदूताने कार्यभार घेतला असे मानले जाते. जेथे मूळ पत्र सादर होईपर्यंत थांबण्याची प्रथा असेल, तेथे मंत्र्यांच्या औपचारिक भेटी आणि जाहीर भाषणे तोपर्यंत टाळावीत.

या समारंभातील क्रमाला इतके महत्त्व का, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १६६१ मध्ये लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या राजदूताच्या स्वागताच्या मिरवणुकीत आपली बग्गी पुढे असावी म्हणून स्पॅनिश आणि फ्रेंच राजदूतांच्या माणसांमध्ये भर रस्त्यात सशस्त्र मारामारी झाली आणि त्यात माणसे मेली. राजांचे मोठेपण राजदूतांच्या बग्ग्यांवर मोजण्याची ही रीत १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने मोडली. देश मोठा की लहान, राजा की प्रजासत्ताक, हे न पाहता जो राजदूत आधी आला तो आधी, असा नियम झाला, आणि आजच्या करारातही तेच तत्त्व आहे. लहानात लहान देशाचा राजदूत सर्वांत जुना असेल, तर तोच राजदूतवर्गाचा ज्येष्ठ, म्हणजे ‘डॉयन’, ठरतो. काही देशांत मात्र हा मान परंपरेने पोपच्या प्रतिनिधीला दिला जातो. लंडनमध्ये नवा राजदूत आजही घोड्यांच्या शाही बग्गीतून राजवाड्यात जातो, मात्र कोणाची बग्गी पुढे यावर आता भांडण होत नाही.

समारंभातील संभाषण काही मिनिटांचेच असते. तेवढ्यासाठी तीन वाक्ये तयार ठेवावीत: आपल्या राष्ट्रप्रमुखांचा संदेश, दोन देशांमधील एखादी अलीकडची चांगली गोष्ट, आणि एक खरा प्रश्न. हा प्रश्न असा असावा, की त्याचे उत्तर राष्ट्रप्रमुखांना आवडीने द्यावेसे वाटेल.

पहिले तीन महिने

आधी आपल्याच इमारतीत फिरावे. उपप्रमुख, राजकीय आणि व्यापार विभाग, संरक्षण सल्लागार, वाणिज्यदूत विभाग, लेखा विभाग, संपर्क कक्ष आणि सुरक्षा यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. स्थानिक कर्मचाऱ्यांना विशेष वेळ द्यावा. राजदूत तीन-चार वर्षांत जातो, पण स्थानिक अनुवादक किंवा व्यापार सहायक वीस-वीस वर्षे तेथे असतो. कोणता उपमंत्री दिलेला शब्द पाळतो आणि कोणत्या कार्यालयात पत्र पडून राहते, हे त्याला ठाऊक असते. त्याच्यासमोर गोपनीय विषय काढू नयेत, त्याच्यावर त्याच्याच सरकारचा दबाव येऊ शकतो याची जाणीव ठेवावी, आणि तरीही त्याला मानाने वागवावे.

खर्चाची आणि खात्यांची कागदपत्रे पहिल्याच महिन्यात स्वतः पाहावीत. राजकीय अहवालातील चूक पुढच्या अहवालात दुरुस्त करता येते, हिशेबातील बेफिकिरीने मात्र अख्खी कारकीर्द संपते.

त्यानंतर बाहेरच्या भेटी सुरू होतात. मंत्री, विरोधी पक्षांचे नेते, संपादक, विद्यापीठे, व्यापारी संघटना, धार्मिक नेते आणि इतर राजदूत यांची यादी करून आठवड्याला ठरावीक भेटी घ्याव्यात. विरोधी पक्षांना भेटणे हे कामाचाच भाग आहे. मात्र कराराच्या ४१ व्या कलमानुसार यजमान देशाच्या अंतर्गत व्यवहारात हस्तक्षेप करायचा नसतो. म्हणून अशा भेटीत ऐकण्यावर भर ठेवावा, कोणाला सल्ला देऊ नये आणि निवडणुकीच्या काळात कोणाबरोबर छायाचित्रही काढू नये. राजधानीबाहेर तर जायलाच हवे. जो राजदूत फक्त राजधानीतील स्वागतसमारंभांत दिसतो, त्याला देशातील असंतोष इतर सर्वांच्या नंतर कळतो.

संभाषण आणि अहवाल

या टप्प्यावर थोडे थांबणे भाग आहे, कारण राजदूताचे खरे कौशल्य येथेच पणाला लागते.

समजा, एका प्रस्तावाबाबत तुम्ही मंत्र्यांना भेटलात. मंत्री म्हणाले, ‘आम्ही याचा सहानुभूतीने विचार करू.’ परतल्यावर ‘मंत्र्यांनी प्रस्तावाला पाठिंबा दर्शवला’ असे लिहिण्याचा मोह होतो, कारण त्यात आपल्या भेटीचे यश दिसते. तसे लिहू नये. बोललेले शब्द जसेच्या तसे द्यावेत. त्यानंतर वेगळ्या परिच्छेदात आपला अर्थ द्यावा: मंत्र्यांनी तारीख दिली नाही, अर्थखात्याचा उल्लेख दोनदा केला, बरोबरच्या सचिवाने एकही टिपण घेतले नाही, म्हणून निर्णय या खात्याच्या हातात नसावा. ऐकलेले काय आणि आपला अंदाज काय, यांच्यामधली ही रेघ ज्या अहवालात स्पष्ट दिसते, तोच अहवाल मायदेशात विश्वासाने वाचला जातो. भेटीत एक अधिकारी टिपणांसाठी बरोबर ठेवावा आणि अहवाल त्याच दिवशी लिहावा. दुसऱ्या दिवशी आठवण आपल्या सोयीने वळण घेते.

आता केननची हकिगत. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी राजदूत निघून गेले होते, नवे पोहोचले नव्हते, आणि केनन प्रभारी म्हणून काम पाहत होता. जागतिक बँक आणि नाणेनिधीबाबत सोव्हिएत संघ उदासीन का, अशी विचारणा वॉशिंग्टनहून आली. तो तापाने आणि सर्दीने अंथरुणाला खिळला होता. तेथूनच त्याने पाच हजारांहून अधिक शब्दांचा मजकूर सांगून लिहवून घेतला आणि २२ फेब्रुवारीला पाठवला. सोव्हिएत संघाचा जगाकडे पाहण्याचा दृष्टिकोन काय, त्याची मुळे कोठे आहेत, त्याचा अधिकृत आणि अनधिकृत पातळीवर परिणाम काय, आणि आपल्या देशाने काय करावे, असे पाच भाग त्याने पाडले. वॉशिंग्टनमध्ये तो मजकूर वरपर्यंत फिरला आणि अमेरिकी धोरणाच्या घडणीत त्याचा मोठा वाटा राहिला. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. विचारलेला प्रश्न लहान होता, पण त्यामागचा मोठा प्रश्न त्याने ओळखला. आणि उत्तरासाठी लागणारे ज्ञान त्याने जवळपास दोन दशके जमवलेले होते. म्हणून लांब अहवाल लिहिण्याचा अधिकार आधी शेकडो छोट्या, अचूक अहवालांनी मिळवावा लागतो.

याच केननची दुसरी बाजूही तितकीच शिकण्यासारखी आहे. १९५२ मध्ये तो मॉस्कोत राजदूत म्हणून गेला. सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या विमानतळावर पत्रकारांनी त्याला तेथील जीवनाविषयी विचारले. मॉस्कोतील परदेशी अधिकाऱ्यांच्या एकाकीपणाची तुलना त्याने युद्धकाळात नाझी जर्मनीत स्वतःला भोगाव्या लागलेल्या नजरकैदेशी केली. ३ ऑक्टोबरला सोव्हिएत सरकारने त्याला ‘पर्सोना नॉन ग्राटा’, म्हणजे अस्वीकार्य व्यक्ती, ठरवले आणि त्याला आपल्या पदावर परतता आले नाही. त्याच्या निरीक्षणात तथ्य असेलही, पण जे गोपनीय केबलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारला पाठवायच्या संदेशात, लिहायचे ते त्याने ध्वनिक्षेपकासमोर सांगितले. पत्रकारांच्या अनपेक्षित प्रश्नाला ‘याविषयी मी माझ्या सरकारशी बोलेन’ एवढे उत्तर पुरते. ते आधीच घोकून ठेवावे.

दोन सरकारांमधील लेखी व्यवहाराचे ठरलेले नमुने आहेत. सर्वांत जास्त वापरली जाते ती ‘नोट व्हर्बाल’. ती तृतीय पुरुषात लिहितात, ‘अमुक देशाचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयास सादर अभिवादन करून कळवू इच्छितो की’ अशी तिची सुरुवात असते, आणि तिच्यावर सही न करता शिक्का व आद्याक्षरे असतात. एखादी कल्पना अधिकृतपणे न मांडता चाचपून पाहायची असेल, तर शीर्षक, शिक्का आणि सही नसलेला ‘नॉन-पेपर’ देतात. कडक निषेधाच्या पत्रातही अभिवादनाचे वाक्य शक्यतो गाळत नाहीत. ते गाळले, तर तोच एक स्वतंत्र संदेश ठरतो.

विशेषाधिकार कोणाचे

राजदूताला अटक करता येत नाही आणि यजमान देशाच्या फौजदारी न्यायालयात त्याच्यावर खटला चालत नाही. दिवाणी दाव्यांतूनही त्याला सूट असते, मात्र खाजगी स्थावर मालमत्ता, वारसा आणि खाजगी व्यवसाय हे तीन अपवाद ३१ व्या कलमात आहेत. हा विशेषाधिकार राजदूताचा स्वतःचा नसून त्याच्या देशाचा असतो. म्हणून तो सोडून देण्याचा अधिकारही देशाकडेच असतो. जानेवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टनमधील जॉर्जियाच्या दूतावासातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दारू पिऊन चालवलेल्या गाडीच्या अपघातात एका १६ वर्षांच्या मुलीचा जीव गेला. जॉर्जियाने त्याची सूट काढून घेतली, त्याच्यावर अमेरिकेत खटला चालला आणि त्याला तुरुंगवास झाला. गाडीच्या विशेष पाटीमागे आपण कायद्याबाहेर आहोत असे समजणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावे. वाहतुकीचा दंडही वेळेवर भरावा.

दूतावासाची इमारत म्हणजे पाठवणाऱ्या देशाची भूमी, हा समजही चुकीचा आहे. जमीन यजमान देशाचीच असते. मिशनप्रमुखाच्या, म्हणजे राजदूताच्या किंवा प्रभारीच्या, संमतीशिवाय त्या देशाचे अधिकारी आत येऊ शकत नाहीत, एवढेच २२ वे कलम याबाबत सांगते. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज २०१२ पासून लंडनमधील एक्वादोरच्या दूतावासात जवळपास सात वर्षे राहिले. त्या काळात ब्रिटिश पोलीस आत गेले नाहीत. ११ एप्रिल २०१९ रोजी राजदूताने पोलिसांना आत बोलावले आणि असांज यांना अटक झाली.

संकटाची तयारी

संकट येण्याआधीच आपल्या नागरिकांची अद्ययावत यादी, त्यांना बाहेर काढण्याचे दोन पर्यायी मार्ग, पर्यायी संपर्कयंत्रणा आणि कागदपत्रे नष्ट करण्याचा क्रम ठरलेला असावा. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी दूतावासावर जमाव चालून आला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी घाईघाईने कागद यंत्रातून फाडले. पण त्या उभ्या पट्ट्या नंतर हाताने जोडून मूळ मजकूर वाचला गेला आणि ग्रंथमालेच्या रूपात प्रसिद्धही झाला. ५२ ओलिसांना ४४४ दिवस डांबून ठेवण्यात आले. दूतावासाचे रक्षण करण्याचे कर्तव्य इराणने मोडले, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मे १९८० मध्ये दिला, पण त्या निर्णयाने फाडलेले कागद परत मिळाले नाहीत. म्हणून गरजेपेक्षा जास्त गोपनीय कागद इमारतीत ठेवूच नयेत, आणि नष्ट करण्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा घड्याळ लावून करावी.

पद सोडताना

बदलीचा आदेश आल्यावर निरोपाच्या भेटींना तीन-चार आठवडे लागतात. ज्यांच्याशी मतभेद झाले, त्यांना आवर्जून भेटावे. अशा शेवटच्या भेटीत माणसे अनेकदा वर्षभर न सांगितलेली गोष्ट सांगून जातात. नंतर येणाऱ्यासाठी हस्तांतराचे टिपण लिहावे. अर्धवट राहिलेली आश्वासने, त्यांच्या तारखा, कोणी कोणाला काय शब्द दिला आहे, आणि आपल्या कोणत्या चुकीमुळे कोणते दार सध्या बंद आहे, हे सगळे त्यात नावानिशी यावे. आपल्या यशाची यादी त्यात नसली तरी चालते.

निघण्यापूर्वी मंत्रालयाला नोट पाठवून प्रभारी अधिकाऱ्याचे नाव कळवावे. एकोणिसाव्या कलमाप्रमाणे नवा राजदूत येईपर्यंत तोच मिशन चालवतो. कपाटाच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन करून तशी पावती घ्यावी, आणि तिची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.